अजून मुरू दे

मी एक सिगार आहे. क्युबाचा आहे, पण नावावर जाऊ नका. थोरामोठ्यांच्या लाकडी पेटीतला तो मी नव्हे. यंत्राने वळलेला, पोटात पानांचा चुरा भरलेला, पुठ्ठ्याच्या पाकिटात भावंडांना खेटून बसवलेला स्वस्तातला सिगार. सध्या मुक्काम एका शिंप्याच्या कापणीच्या टेबलाखाली, खणातल्या बटणांच्या डब्यात.

मला इथे आणलं या शिंपीमास्तरांच्या मेहुण्याने. तो बोटीवर स्वयंपाकी. सुट्टीवर आला तेव्हा पाकीट टेबलावर ठेवून म्हणाला, "भाऊजी, कोवळे आहेत. आत्ता पेटवलेत तर नाकात झोंबतील. चार-सहा महिने ठेवा, उग्र वास निवळेल. फार तर दोन वर्षं. त्यापुढे यांच्यात मुरण्यासारखं काही नसतं."

"चांगली वस्तू घाईने संपवू नये," मास्तर म्हणाले.

त्यांनी डब्यातली बटणं ओतून काढली, बाटलीच्या झाकणात ओला स्पंज ठेवला आणि आम्हाला शेजारी निजवलं. डबा बंद झाला.

सुरुवातीला मला बरं वाटायचं. अंगातला तिखटपणा खरंच उतरला. वर्ष सरता सरता मी असा गोड झालो होतो, की माझा मलाच वास आवडायचा. मास्तर अधूनमधून डबा उघडायचे, मला नाकाशी धरून डोळे मिटायचे. काडेपेटी खिशातच असायची. मग पुटपुटायचे, "अजून मुरू दे." पुन्हा अंधार.

डोक्यावर कात्री चालायची. कोण कापतंय ते मला आवाजावरून कळायचं. मास्तरांची कात्री थांबत थांबत जायची, त्यांच्या लेकीची एका दमात. लेक त्यांच्याच हाताखाली शिकलेली. जुनी गिऱ्हाइकंसुद्धा हळूच तिलाच मापं द्यायची.

एकदा ती म्हणाली, "बाबा, बाजारातल्या मोठ्या दुकानात कापणीला बोलावलंय मला. जाऊ?"

"अजून हात बसू दे."

पुढच्या वर्षी तिने पुन्हा विचारलं. उत्तर तेच. त्या घरात मी डब्यात होतो, तशी तीही होती; तिच्या डब्याला खिडकी होती एवढंच.

शेवटी तिच्या आईलाच राहवलं नाही. "हात बसायची वाट बघताय, की तो हात इथून हलू नये म्हणून अडवताय?"

मास्तर मशीनला तेल घालत बसले.

मेहुणा परत आला तो पुष्कळ वर्षांनी, नोकरी सोडून. आल्या आल्या त्याने डबा उघडायला लावला. स्पंज केव्हाच वाळून कडक झाला होता. माझं वरचं पान तडकलं होतं. त्याने माझ्या एका भावाला पेटवलं, दोन झुरके घेतले आणि मास्तरांच्या हातात दिलं.

मास्तरांनी ओढून पाहिलं. पुन्हा ओढलं.

"कशाचीच चव नाही रे."

"होती, भाऊजी. तुम्ही वाट बघत होतात तेव्हा होती."

लेक काज करत बसली होती. तिने सुई कापडात खोचली. "बाबा, मी सोमवारपासून त्या दुकानात जाणार. या वेळी विचारत नाहीये."

मास्तरांनी हातातल्या सिगारची राख झटकली. म्हणाले, "रात्री जेवायला घरी येशील ना?"

"येईन की."

सोमवारी ती गेली. मला वाटलं, आता आमचीही सुटका. पण मास्तरांनी आम्हा उरलेल्यांना उचललं, सवयीने हुंगलं, आणि डब्यात ठेवून दिलं. या वेळी मुरू दे म्हणाले नाहीत. नुसतंच झाकण लावलं.

मास्तर, मी बेचव झालोय, मला ठाऊक आहे. तुमचा राग नाही. पण मी जळण्यासाठी जन्मलो होतो हो, जपण्यासाठी नाही. एकदा काडी ओढा. तोंड वाकडं करा, शिव्या घाला, हवं तर अर्ध्यात टाका. धूर होऊन का होईना, मला एकदा बाहेर पडू द्या.