गेरूचे अंगठे

"जोरात दाब गं, सायबाला आपला आंगठा वळखू आला पायजे!"

पेटीच्या तळातून कागद काढताना नाथाजीला हरणाबाईचा तीन वर्षांमागचा आवाज ऐकू आला. शाई नव्हती, म्हणून तिनं मेंढ्यांच्या पाठीवर खुणा करायचा गेरू कालवला होता. सत्तावीस धनगरांचे सत्तावीस अंगठे. माणसं आणि मेंढरं ओढ्याच्या अलीकडे, संस्थानात. चरायचं कुरण पलीकडे, इंग्रजी अंमलात. ओढा मात्र दोन्ही काठांना सारखाच भिजवत जायचा. कुरण मोकळं राहावं, असा अर्ज पलटणीतून हवालदार होऊन परतलेल्या नाथाजीनंच लिहिला होता.

आज पलीकडचा साहेब ओढ्याकाठच्या वडाखाली बसला होता. कुरणाला तारेचं कुंपण ठोकण्याआधी, कुठल्याही हद्दीतल्या माणसाची हरकत तो दुपारपर्यंत ऐकणार होता. आणि हरणाबाई मेंढरं घेऊन वडाला वळसा घालून निघाली होती.

नाथाजीनं तिला ओढ्यात गाठलं.

"आगं, सायबाला काय सांगायचं न्हाई व्हय?"

"आवं दादा, आपला अर्ज हाय की त्येच्या दप्तरात! गुंडा धनगर निगाला हुता भांडाय, मीच माघारी फिरवला. म्हनलं, हवालदारानं सोता नेऊन दिलाय. पुन्ना पुन्ना बोललं की मानूस हलकं हुतं."

नाथाजीनं कागद पुढं धरला. तिला वाचता येत नव्हतं; पण आपल्या अंगठ्यावरच्या, विळा लागून पडलेल्या वणाची आडवी रेघ तिनं बरोबर हेरली.

"ह्यो माजा." मग हात तिथंच थांबला. "ह्यो हितं कसा?"

"घेतला न्हाई पलीकडच्या कारकुनानं. संस्थानच्या रयतेचा अर्ज हितं चालत न्हाई म्हनला. संस्थानात गेलो, तर ते म्हनले, कुरन आमचं न्हाई."

हरणाबाईनं कागदावरचं बोट काढलं.

"मग तवाच सांगायचं की. तुमचा काय दोस त्यात?"

तिनं हाळी दिली, मेंढरं वडाकडं वळवली.

"चला की दादा! तुमच्यावानी बोलनारं मानूस पायजे संगं."

नाथाजीचा पाय पाण्यातून निघेना.

"हरणाबाई, गेरू बघून कारकून म्हनला, मेंढरांचंबी आंगठं घ्यायचं हुतं. समदी कचेरी हसली."

ती वळून उभी राहिली. त्यानं कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"मीबी हसलो."