उरलेला लाल ठोकळा

मी एक लाल ठोकळा. लहान मुलं एकावर एक बसवतात, त्यातला. माझ्यामुळे काल कॅरिनचा डोळा लागला नाही म्हणे. मला त्याचं काही वाटत नाही. तिलाही आता फारसं काही वाटेनासं झालंय.

कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते अमेरिकेतल्या डुलुथ गावातलं एक गॅरेज, विकायला काढलेल्या जुन्या सामानाचा खोका आणि एका कुत्र्याचा दात. त्याची खूण माझ्या कोपऱ्यावर आहे. कॅरिनने तो खोका लेकीसाठी, टिल्डासाठी घेतला. दोन वर्षं मी कधी किल्ल्यात असायचो, कधी कोचाखाली.

मग कॅरिनने नर्सिंगला नाव घातलं आणि रसायनशास्त्रात दोनदा नापास झाली. उद्या तिसरी परीक्षा. तीही गेली, तर जागा जाणार.

तेव्हा आता मी ऑक्सिजन आहे. पांढरे ठोकळे हायड्रोजन. दोन्ही वायू येतात ते जोडीनेच. पाण्याचं समीकरण जुळवायचं, काही उरू द्यायचं नाही, म्हणून जेवणाच्या टेबलावर तिने पांढऱ्यांची एक जोडी घेतली, लालांची एक. दोन पांढऱ्यांवर एक लाल बसवला, पाणी झालं. मी उरलो.

तिने मलाही त्याच पाण्यावर बसवलं. मग तिला रसायनशास्त्राच्या सरांचं बोलणं आठवलं असावं. तेच स्वतःशी पुटपुटली, "अगं कॅरिन, हे पाणी कुठे राहिलं? हे जखमेवर लावायचं औषध झालं, हायड्रोजन पेरॉक्साइड. पदार्थ बदलायचा नाही, किती हवेत ते बदलायचं."

तिने मला उपटलं. मग हळूच मीठदाणीमागे सरकवलं.

माणसांचं हे असंच. उरलेलं नजरेआड करायचं आणि जुळलं म्हणायचं.

चार वर्षांची टिल्डा समोर मॅकरोनी खात होती. "मम्मा, तू त्याला लपवलंस."

"लपवलं नाही गं. तो उरलाय."

"लपवलंस. मी पाहिलं."

"बरं बाई, लपवलं. तुझ्या आईला चार ठोकळे जुळवता येत नाहीत, आणि निघालीये लोकांना सुया टोचायला."

टिल्डा हसली नाही. चीजने बरबटलेल्या हाताने तिने मला बाहेर काढलं आणि पाण्याशेजारी ठेवलं. मला मोजा, एवढंच माझं मागणं होतं. पण ठोकळ्याचं कोण ऐकतं?

"याला पण दोन पांढरे दे ना," टिल्डा म्हणाली. "खोक्यात आहेत की अजून."