दारावरून उतरवलेली रीथ

टप्.

बाळ झोपलं होतं, डिशवॉशरही थांबला होता. त्या शांततेत माझ्या अंगावरचं शेवटचं लाल फळ स्वयंपाकघरातल्या लाकडी फरशीवर पडलं.

"अजून एक बोर राहिलं होतं वाटतं," शोभनाआजी म्हणाल्या.

मित्रांनो, ते बोर नव्हतं. ते रानगुलाबाचं फळ होतं. माझं सगळं भांडण तिथूनच सुरू होतं.

मी वेलींची एक रीथ आहे. रीथ म्हणजे दारावर लावायचं गोल कडं. इथे आयर्लंडमध्ये पानं पिवळी पडायला लागली, की लोक सुकलेल्या वेली आणि फळं गुंफून अशी कडी करतात. आपली कहाणी सांगताना माझ्यासारख्यांनी आवाज गोड ठेवायचा असतो, हे मला माहीत आहे. आज तो ठेवता येणार नाही. मी रागावलेली आहे.

माझा जन्म नास गावात, कालव्याकाठच्या झुडपांत झाला. हनिसकलची वेल तिथे काटेरी झाडांवर मनसोक्त चढलेली असते. सप्टेंबरात अस्मिता बाबागाडीत तान्ह्या वरुणला घेऊन, सहा वर्षांच्या लेकीचा, नेत्राचा हात धरून तिथे आली. घरातली साधी कात्री होती तिच्याकडे. तिनं वेल कापली, रानगुलाबाची लाल फळं तोडली, हात ओरबाडून घेतले. घरी वेल आंघोळीच्या टबात भिजत घातली. वेल ओली असतानाच वळवावी लागते, वाळली की कडकन मोडते. नेत्रानं एक टोक धरलं आणि अस्मितानं दुसरं टोक फिरवत फिरवत मला आकार दिला. फळं वाळवली हॉट प्रेसमध्ये. गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटाला इथे तसं म्हणतात, टॉवेलही त्यातच असतात. डॉक्टर नितेश अंग पुसायला गेले, तर टॉवेलातून चार फळं घरंगळली.

"हे काय, ड्रायफ्रूट?" ते म्हणाले.

"तुझ्या बायकोचं करिअर आहे," अस्मिता म्हणाली. दोघंही हसली. मला तेव्हाच ते हसू जरा तिरकं वाटलं होतं.

कारण अस्मिता नितेशच्या मागून इथे आली होती. पुण्यात ती शाळेत चित्रकला शिकवायची. इथे ती 'डॉक्टरांची मिसेस' होती. मी दारावर चढले आणि आठवड्याभरात शेजारची ब्रीडा फाटकाशी थांबली.

"तू बनवलंस हे? स्वतः? गॉर्जस आहे गं. फेअर प्ले टू यू."

'फेअर प्ले' ही इथली शाबासकी. त्यानंतर शाळेच्या दारात बायका तिला ओळखू लागल्या. ती रीथवाली. आयर्लंडमध्ये अस्मिताला तिच्या स्वतःच्या हातांमुळे मिळालेली ती पहिली ओळख होती. आणि ती दारावर होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. माझं दारावर असणं म्हणजे काय होतं, ते आता तुम्हाला कळलं असेल.

दिवाळीच्या तोंडावर नितेशची आई, शोभनाआजी, पुण्याहून आल्या. बॅगा अजून गाडीतच होत्या. त्या दारासमोर येऊन थबकल्या.

"नितेश, कोण गेलं रे?"

"कुठे कोण गेलं?"

"मग दारावर पुष्पचक्र कशाला लावलंय?"

"आई, ती ऑटमची सजावट आहे," अस्मिता म्हणाली. "मी केलीय."

"केलीस ते छानच गं. कला आहे तुझ्या हातात. पण आपल्यात असलं गोल चक्र कुठे ठेवतात, माहितीये ना? सणासुदीला वाळकं मेलं दारात नको."

त्यांचा गैरसमज मी समजू शकते. आपल्याकडे फुलापानांचं गोल चक्र माणूस गेल्यावरच दिसतं. पण गैरसमज सांगून दूर होतो, आणि सांगायचं काम ज्यांचं होतं ते डिकीतून बॅगा काढत राहिले.

"तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे," रात्री नितेश अस्मिताला म्हणाले. "जिन्याखालच्या कपाटात राहू दे ना. चिल."

हा माणूस हॉस्पिटलात लोकांना नको त्या बातम्या डोळ्याला डोळा भिडवून सांगतो. स्वतःच्या आईला मात्र 'दारावर राहू दे' एवढं सांगता आलं नाही. तेच 'राहू दे' बायकोला सांगणं सोपं पडलं.

माझ्या खिळ्यावर तुळशीबागेतलं प्लॅस्टिकचं तोरण लागलं. हिरवीगार आंब्याची पानं, पिवळेधमक झेंडू. ते कधी जगलंच नव्हतं, त्यामुळे वाळण्याचा प्रश्नच नव्हता. मी व्हॅक्यूम क्लीनर आणि मोडक्या छत्रीच्या मध्ये पडून राहिले. नेत्रा अधूनमधून कपाट उघडून मला हात लावून जायची. अस्मिता यायचीच नाही. तिचाही मला राग आला, खोटं कशाला बोलू.

जानेवारीत ब्रीडानं तिला पुन्हा गाठलं. सेंट ब्रिजिडच्या सणासाठी गावातल्या बायका हॉलमध्ये जमून लव्हाळ्याचे क्रॉस विणतात.

"रविवारी तूही ये. तुझी रीथ आण आणि आम्हाला वेल कशी वळवायची ते दाखव. आम्ही शिकू की."

त्या दुपारी अस्मितानं मला बाहेर काढलं. धूळ झटकली, सैल फळं घट्ट बांधली आणि ती गळू नयेत म्हणून वरून हेअरस्प्रे मारला. ती गुणगुणत होती. मला स्वयंपाकघरातल्या हुकावर टांगून ती म्हणाली, "रविवारपर्यंत इथे थांब हं."

पण रविवारच्या आधी शनिवार आला आणि शनिवारी वरुणचं बोरन्हाण होतं.

शोभनाआजींनी हलव्याचे दागिने स्वतः करून, हातातल्या पर्समधून, मांडीवर सांभाळत आणले होते. नातवावर त्यांचा जीव नव्हता असं मी म्हणणार नाही. चुरमुरे होते, उसाचे करवे होते, चॉकलेटं होती. बोरं मात्र ब्लँचर्डस्टाउनच्या भारतीय दुकानातही मिळाली नव्हती. अस्मिता वर वरुणला काळं झबलं घालत होती. आजींची नजर माझ्यावर गेली.

"अगंबाई, ही काय, बोरंच की."

त्यांनी मला टेबलावर घेतलं आणि वाटाणे सोलावेत तशी माझी फळं ओरबाडली. नितेश तिथेच चहा घेत उभे होते.

"आई, ते अस्मिताचं आहे," ते म्हणाले.

"तिच्याच लेकासाठी घेतेय ना? परक्याला देतेय का?"

नितेशनी कप पुन्हा तोंडाला लावला. चहा संपवला.

दारावर मी प्रेतावरची होते. नातवाच्या डोक्यावर मात्र मी चालले. हा कुठला न्याय, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पाहुणे हसत होते, मोबाइल वर धरलेले होते, चुरमुऱ्यांबरोबर माझी फळं वरुणच्या डोक्यावरून ओघळत होती. आजूबाजूची मुलं चॉकलेटांवर तुटून पडली. वरुणनं एक लाल फळ उचललं आणि तोंडात घातलं. अस्मितानं ते पाहिलं, मग चुरमुऱ्यांच्या टोपल्यात पाहिलं. ती धावली आणि तिनं त्याच्या तोंडात बोट घालून फळ बाहेर काढलं.

"त्यावर हेअरस्प्रे मारलाय," ती म्हणाली. "मला एकदा विचारायचं तरी."

"मग असलं विषारी घरात टांगायचंच कशाला?" आजी म्हणाल्या.

"गिळलं नाही त्यानं. इट्स ग्रँड," नितेश म्हणाले. पाहुणे तिळगुळाच्या डब्याकडे वळले.

आता पाहुणे गेलेत आणि मी टेबलावर उघडी पडलेय.

"उद्या नको जाऊस मग," नितेश हळूच म्हणाले. "ब्रीडाला सांग, बरं नाही."

"मी बरी आहे," अस्मिता म्हणाली. "जशी उरलीय तशी नेणार."

मित्रांनो, माझं मागणं छोटं आहे. घरात कुणी काही हातानं केलं, तर ते हलवण्याआधी त्या माणसाला विचारा. आवडलं नाही तर तोंडावर सांगा. पण 'छानच केलंस' म्हणून कपाटात ढकलू नका. उन्हातान्हात, पावसात आम्ही टिकतो. कपाटात वेल नाही वाळत, वेल वळवणारे हात वाळतात.

नेत्रा टेबलाशी आली. तिनं मला दोन्ही हातांनी उचललं. वेलीचा नुसता गोल उरला होता, तरी तिनं त्यातून आईकडे पाहिलं.

"मॅमी, उद्यापर्यंत हिला परत दारावर लावू?"

हो म्हणायला अस्मिताचे ओठ उघडले होते. पण त्याआधी तिची मान सोफ्यावर बसलेल्या शोभनाआजींकडे वळली. आपोआप, सवयीनं. नेत्राच्या ते लक्षात आलं.

"व्हाय आर यू लुकिंग ॲट आजी?" तिनं विचारलं. "इज इट नॉट आवर डोअर?"