पायऱ्यांखालची वेदी

घाबरलो की माझे हात थरथरतात आणि मी ते खिशात घालतो. पण प्रोजेक्टर चालवणाऱ्याला ती सोय नसते. सदुसष्ट सालच्या डिसेंबरात, कॉलेजच्या हॉलमध्ये दीडशे माणसांच्या मागे मी दोन प्रोजेक्टर घेऊन उभा होतो, आणि माझे दोन्ही हात उघड्यावर होते.

मी इतिहास विभागात हंगामी ड्राफ्ट्समन होतो. विभागप्रमुख मधुकररावांनी डोकं लढवून एक खेळ बसवला होता: नागपुरात बसून रोमची सफर. एका प्रोजेक्टरवर रोमच्या पडक्या देवळाचा फोटो, म्हणजे चौथरा, अर्धे खांब, पायऱ्या आणि पायऱ्यांखाली दगडांचा ढीग. दुसऱ्यावर त्याच मापात मी काढलेलं अखंड देऊळ. एकाचा उजेड हळूहळू झाकायचा, दुसऱ्याचा तसाच उघडायचा, की पडद्यावर खांब उभे राहत आणि छप्पर चढे. खेळ साधला तर माझ्या कायम नेमणुकीचा कागद सर तिथेच, सगळ्यांसमोर देणार होते. त्यांच्या कोटाच्या खिशातून त्याचा कोपरा मला दिसत होता.

चार दिवसांपूर्वी सरांनी माझी काचेची स्लाइड उजेडात धरून पाहिली होती. त्या दगडांच्या ढिगाची मी वेदी केली होती. वर जाळ, भोवती पुजारी आणि लोक सगळे पायऱ्यांखाली उभे.

"अरे चंद्रभान, वेदी बाहेर कशी? पूजा गाभाऱ्यात होते. देऊळ कधी पाहिलं नाहीस का?"

मी नुसता हसलो. हो म्हणवेना आणि नाही म्हणायची छाती नव्हती.

सरांचे ब्राह्मण पूर्वज भोसल्यांच्या काळात इकडे आलेले. माझं आडनाव उमरेडकर. ते ऐकून हा आपल्यातलाच, असं सरांनी परस्पर ठरवून टाकलं. मी खोटं बोललो नव्हतो. छप्पन साली आईने माझं बोट धरून दीक्षेला आणलं, तेव्हापासून आम्ही बौद्ध. माझ्या दाखल्यावर ते लिहिलेलं होतं. पण दाखला कारकुनाच्या कपाटात आणि सर ते कपाट कशाला उघडतील? मी फक्त गप्प बसलो होतो. सर खुशीत आले की माझ्या पाठीवर थाप मारत, आणि त्या थापेची मला चटक लागली होती. आज त्याची लाज वाटते.

तर मी मुकाट्याने नवं चित्र काढलं. वेदी आत, माणसं आत. त्याची नवी स्लाइड करून आणली. जुनी डब्यात पडून राहिली.

खेळ सुरू झाला. पहिल्या रांगेत पाहुण्या शोभाताई होत्या, इटलीत तीन वर्षं उत्खननावर काम केलेल्या. पडका फोटो पडद्यावर आला. मी नवी स्लाइड उचलली, आणि ती घामेजल्या बोटांतून निसटून फरशीवर फुटली.

अंधारातून सरांचा आवाज आला, "हं, आता देऊळ!" डब्यात जुनी तेवढी होती. तीच लावली.

खांब उभे राहिले, छप्पर चढलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि पायऱ्यांखाली वेदी पेटली. सर ताडकन उठले. "माफ करा, ही आमच्या ड्राफ्ट्समनची चूक आहे. वेदी आत असते. मी त्याला बजावलं होतं."

"चूक?" शोभाताई म्हणाल्या. "बरोबर आहे हे! आत मूर्ती असायची. होम बाहेर, लोकही बाहेर. कुणी काढलंय?"

सगळ्या माना मागे वळल्या. पळून जावं असं वाटलं, पण दार लांब होतं.

"कुठल्या पुस्तकात पाहिलंत?" त्यांनी विचारलं.

एखाद्या पुस्तकाचं नाव ठोकून द्यायला हवं होतं. सुटलो असतो. एकही नाव आठवेना. कॉलेजात मी जपून जपून छापील बोलत असे. त्या वेळी तेही गेलं.

"पुस्तकात नाही पाह्यलं, मॅडम. आमच्या गावच्या देवळात आमाले पायरी चढू देत नव्हते. माही माय खालीच उभी राहे. मले वाटलं, देवळाखाली मानसं अशीच उभी राह्यतात." आणि पडद्यावरच्या, सगळ्यांच्या मागे लेकरू कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे मी बोट केलं. "हे तेच हाये."

शोभाताईंनी खाली पाहिलं. भीती गेली म्हणालो तर ते खोटं होईल.

दिवे लागले. सर माझ्याकडे आले. शब्दाचे पक्के माणूस, त्यांनी खिशातून कागद काढला. मी दोन्ही हात पुढे केले. सरांनी कागद माझ्या हातांशेजारी टेबलावर ठेवला, हात मागे घेतला आणि पाहुण्यांना चहाला घेऊन गेले. पाठीवर थाप त्या दिवशी पडली नाही, पुढेही कधी नाही. नोकरी मात्र कायम झाली.

पुढच्या रविवारी मी आईला, तुळसाबाईला, उमरेडच्या एसटीने बोलावून घेतलं. रिकाम्या हॉलमध्ये तिला एकटीला खेळ दाखवला. पडक्याचं देऊळ होताना ती लहान पोरीसारखी हसली. मग खुर्चीतून उठली, पडद्याजवळ गेली आणि त्या बाईवर तिने बोट ठेवलं.

"हे मीच होय ना?"

"हो, माय."

तिने बोट काढलं नाही. "चित्र तर तुह्या हातचं होतं," ती म्हणाली. "मंग तूबी मले काहून खालीच उभं केलं गा?"