लांचे बैल

“अजून चीज यायचंय,” आमच्या पेन्शनर मंडळाचे अध्यक्ष फेर्नां म्हणाले आणि त्यांनी नॅपकिन पुन्हा गळ्याशी खोचला.

शेजारी बसलेल्या जिस्लेनने टेबलाखाली माझा हात घट्ट दाबला. खिडकीबाहेर नोव्हेंबरचे ऊन उतरू लागले होते. तिची नजर विझत चालली होती. अंधारून आले की तिला काहीच दिसत नसे, आणि उन्हाळ्यापर्यंत दिवसाही दिसणार नाही, असे डॉक्टरांनी सांगून टाकले होते. म्हणून तर ती या सहलीला आली होती. फ्रान्समधल्या लां गावच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यांवर दगडी बैल आहेत, ते बांधताना टेकडीवर दगड ओढून नेणाऱ्या बैलांच्या सन्मानार्थ बसवलेले. तिच्या वडिलांनी जन्मभर बैलांमागे नांगर धरला. “देवळावर आमचेही लोक आहेत,” असे ते म्हणत.

“अहो अध्यक्षसाहेब, निघू या ना आता!” मी म्हणाले.

“कॉफीआधी? जनावरं आहोत का आपण?” फेर्नां म्हणाले. सगळे हसले.

आमच्याकडे कॉफीआधी ताटावरून उठणे म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणे. चीज आले, टार्ट आला, कॉफी आली, मग कोणाला तरी गाणे सुचले. माझे डोके नुसते तडकले होते.

“जिस्लेन, तूच सांग की त्यांना डोळ्यांचं.”

“नको गं. सगळे हळहळत बसतील. त्यात आणखी वेळ जाईल.”

टेकडी चढून बस देवळापाशी थांबली, तेव्हा दिवे लागले होते. लोकांनी वर पाहिले, फोटो काढले. बैल मनोऱ्यांतून डोकी काढून खाली बघत होते. मला दिसत होते.

“दिसले का गं?” फेर्नांनी विचारले. “काय रुबाब आहे, नाही?”

“जेवण छान होतं, फेर्नां,” जिस्लेन म्हणाली.

ते खूश होऊन बसकडे वळले. मी घाईघाईने तिच्या कानाशी लागले. “हे बघ, डावीकडचा आहे ना, त्याची शिंगं...”

“सांगू नकोस. मला बघायचे होते.”

ड्रायव्हरने हॉर्न दिला. तिने टोपी काढून हातात घेतली आणि चेहरा वर करून ती तशीच उभी राहिली.