पिसांहून हलका पौंड

मित्रांनो, मी एक जुना पितळी पौंड आहे. केकच्या दुकानात तुम्ही 'अर्ध्या पौंडाचा द्या' म्हणता, तेवढीच तुमची माझ्या कुळाशी ओळख असणार. पण मी केक मोजणाऱ्यांपैकी नव्हे. दिसायला मी बुटका, पोट सुटलेला आणि डोक्यावर धरायला एक गुंडी असलेला असा आहे. हल्ली मला कुणी घासून लख्ख करत नाही, पण त्याचे मला दुःख नाही. लख्ख दिसण्याच्या नादात पितळ झिजते आणि वजनाला झिजणे परवडत नाही.

आमच्या कुळात दोन घराणी आहेत. एक बाजाराचे. भाजी, पीठ, तेल, लोकर, पिसे असे सगळे त्यांच्याकडे. दुसरे आमचे, म्हणजे सोन्याचे आणि औषधाचे. नाव दोघांचेही पौंड, पण बाजारातला भाऊ भरतो सुमारे चारशे त्रेपन्न ग्रॅम आणि मी भरतो तीनशे त्र्याहत्तर. ऐंशी ग्रॅमचा फरक. तो माझ्यापेक्षा जड आहे म्हणून तो खरा आणि मी खोटा, असे मुळीच नाही. दोघेही आपापल्या जागी पुरे. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझ्या आयुष्यात ती नेमकी सगळे विसरले.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यातून बाहेर पडलो तेव्हा मी जरा जास्तच जड होतो. मग एका म्हाताऱ्या कारागिराने मला तराजूत घातले, कानस घेतली आणि तळाशी घासायला सुरुवात केली. दोनदा घासायचे, एकदा तोलायचे. काटा मधोमध उभा राहिला तेव्हा त्याने माझ्या तळावर खलबत्त्याची एक बारीक खूण ठोकली. औषधाच्या वजनाची खूण ती. तो म्हणाला, "जा, आता कुणाच्या बापाला भिऊ नकोस." मला ते वाक्य फार आवडले. पुढे भ्यायची वेळ आली, ते वेगळे.

मी ज्यांच्याकडे गेलो, त्यांना सगळी गल्ली पुडीवाले म्हणे. त्यांचे औषधांचे दुकान होते. काचेच्या बरण्या, एक लांब लाकडी मेज आणि त्यावर तराजू. पुडीवाले नाकासमोर चालणारे गृहस्थ. चूर्ण तोलताना ते श्वास रोखून धरत आणि तेवढा वेळ समोरचे गिऱ्हाईकही उगाचच श्वास रोखून धरी. मुले दुकानात आली की मात्र त्यांची कळी खुले. ते विचारत, "एक पौंड सोनं जड की एक पौंड पिसं?" मुले म्हणत, सारखेच. पुडीवाले मान हलवून म्हणत, "पिसं जड." मुले हसत, मुलांच्या आया हसत. पुडीवाल्यांची धाकटी बहीण, म्हणजे घरातली आत्या, कपाळाला हात लावून म्हणे की दादाला म्हातारचळ लागला. मी बरणीशेजारी बसून मनात म्हणे, अहो, बरोबर सांगतायत ते. पण आम्हा वजनांना बोलता येत नाही. आम्हाला फक्त पारडे खाली नेता येते.

पुडीवाल्यांना एकच मुलगी. तिला आपण ताई म्हणू, सगळे तेच म्हणतात. ताईचे हात बाजारच्या साबणाने फुटत, म्हणून तिने घरी साबण करायचे मनात घेतले. पुडीवाल्यांनी तेव्हा दुकान बंद केले होते. त्यांनी परसातल्या खोलीत मेज हलवले, तराजू मांडला, मला त्यावर बसवले आणि लेकीला शिकवायला लागले. साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा. कॉस्टिक कमी पडले तर साबण बुळबुळीत, जास्त पडले तर कातडी जळते. तेल येई सीलबंद डब्यातून, डब्यावर छापलेले 'दहा पौंड'. ते तोलायची गरज नसे. कॉस्टिक मात्र माझ्यासमोर तोलले जाई. पुडीवाल्यांचा नियमच होता, "जाळणारी वस्तू माझ्याच पौंडानं मोजायची." सहा महिने खटपट करून त्यांनी प्रमाण बसवले आणि वहीत लिहिले: तेल एक डबा, दहा पौंड. कॉस्टिक दोन पौंड.

कुणाचे पौंड, ते लिहिले नाही. जन्मभर औषधे तोललेल्या माणसाला पौंड म्हणजे मी, यात लिहिण्यासारखे काय वाटणार? त्या वर्षाच्या शेवटी पुडीवाले गेले. वही आणि मी मागे राहिलो.

पुढची बारा वर्षे फार सुखाची गेली. मी एकटाच असल्यामुळे कॉस्टिक दोनदा तोलावे लागे. ताई एकदा तोले, भांड्यात ओते, पुन्हा तोले. आत्या दारात उभी राहून मोठ्याने मोजे, "एक झालं. दोन झालं." दोनच तर आकडे, पण आत्याचा थाट असा की खजिना मोजतेय. मग ताई पाण्यात कॉस्टिक सोडी, पाणी आपोआप तापे, वाफ खिडकीतून बाहेर जाई. तेलात मिसळून लाकडी दांड्याने घोटत बसायचे, घट्ट झाले की साच्यात ओतायचे, दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या आणि सहा आठवडे फळीवर वाळवायच्या. विकण्याआधी ताई प्रत्येक घाण्यातल्या एका वडीने स्वतःचा डावा हात धुऊन बघे. गल्लीच्या टोकाला पाळणाघर होते. तिथल्या बाई दर महिन्याला चाळीस वड्या नेत. त्या म्हणत की इतक्या लहान मुलांना दुसरा साबण लावायला माझा जीव धजत नाही. हे ऐकले की ताई नुसती हसे आणि एक वडी जास्त टाके.

मग एके दिवशी वजनमापांचे निरीक्षक आले. सगळ्या गल्लीतली वजने तपासायचे काम निघाले होते. माणूस सज्जन, पण घाईतला. त्यांनी पेटीतून आपले प्रमाण वजन काढले, एका पारड्यात ते, दुसऱ्यात मी. माझे पारडे सरळ वर गेले. त्यांनी मला उलटे करून बघायला हवे होते. पण माझ्या तळावर बारा वर्षांचा साबणाचा राप बसला होता आणि त्यांना अजून सात दुकाने करायची होती.

"हे वजन खोटं आहे," ते म्हणाले. "तराजूपाशी पुन्हा दिसता कामा नये."

ताई वड्या नगावर विकत होती. माझ्यावर तिने कुणाला काहीच तोलून दिले नव्हते. तिने तसे सांगितले, त्यांनी ऐकूनही घेतले आणि दंड न करता नुसती समज दिली. पण दार उघडे होते आणि गल्लीला कान होते. संध्याकाळपर्यंत सगळीकडे झाले की पुडीवाल्यांचे वजन खोटे निघाले. ज्या माणसाने जन्मात कुणाला चिमूटभर चूर्ण कमी दिले नाही, त्याच्या नावाला माझ्यामुळे बट्टा लागला. मला फार लागले ते. मी पितळेचा आहे, पण दगडाचा नाही.

 ताईला वाटले, मी झिजलो असेन. तिने बाजारातून नवे लोखंडी पौंड आणले, एक सोडून दोन, म्हणजे दोनदा तोलायला नको. इतकी वर्षे आपल्या हातून कॉस्टिक नकळत कमी पडत होते, आता बाबांच्या वहीप्रमाणे बरोबर पडेल, असे तिने आत्याला सांगितले. आणि मला खिडकीच्या झडपेला टेकवून ठेवले, वाऱ्याने ती आपटू नये म्हणून. तिथून मला तराजू स्वच्छ दिसे. नव्या पौंडांनी पहिल्यांदा कॉस्टिक तोलले, तेव्हा एकशे साठ ग्रॅम जास्त गेलेले मी डोळ्यांनी पाहिले. ओरडता आले असते तर ओरडलो असतो.

सहा आठवड्यांनी ताईने त्या घाण्यातल्या वडीने डावा हात धुतला आणि तो लालभडक झाला. वडीवर पांढरी भुकटी धरली होती. तिने तेलवाल्याला दोष दिला. तेलवाला बदलला, पुन्हा घाणा घातला, पुन्हा सहा आठवडे वाट पाहिली. पुन्हा तेच. या वेळी बोटांच्या पेरांतून रक्त आले. चूक शोधताना माणूस सगळीकडे बघतो, पण आपण नुकतीच केलेली दुरुस्ती सोडून.

इकडे माझ्या काळातल्या चांगल्या वड्या संपत आल्या होत्या. पाळणाघराच्या बाईंना आत्या एकेका वडीचे चार तुकडे करून देऊ लागली. बाई भल्या होत्या, पण एक दिवस म्हणाल्या की मध्ये बाहेरचा साबण वापरून पाहिला, दोन मुलांच्या अंगावर पुरळ उठले; तुमचा कधी होईल ते नक्की सांगा, नाहीतर मला दुसरी सोय बघावी लागेल. त्या गेल्यावर ताई फळीवरच्या अकरा वड्यांकडे बघत बसली.

"आत्या, माझा हातच गेला गं," ती म्हणाली. "एवढ्या संपल्या की बंद करू."

 आत्याने अकरा वड्या पुसल्या आणि पुन्हा फळीवर लावल्या.

त्याच आठवड्यात निरीक्षक परत आले, नव्या पौंडांवर शिक्का मारायला. शिक्का मारून निघताना त्यांची नजर खिडकीकडे गेली. खोटे वजन अजून घरात का, असे त्यांनी विचारले. आत्याच्या मनात तीन महिने साठलेले होतेच.

"माझ्या दादाचं आहे ते, टाकायचं नाही," ती म्हणाली. "जन्मभर औषधं तोलली त्यानं. चक्रम होता, सोन्यापेक्षा पिसं जड म्हणायचा. पण खोटा नव्हता."

निरीक्षक दारातच थांबले.

"काय म्हणायचे?"

"एक पौंड सोन्यापेक्षा एक पौंड पिसं जड. पोराबाळांना सांगायचा."

ते परत आत आले. टोपी काढून मेजावर ठेवली. मला उचलले, उलटे केले आणि रुमाल ओला करून तळ घासायला लागले. राप निघाला आणि खलबत्त्याची खूण दिसली. मग त्यांनी पेटीच्या अगदी तळातून, कापडात गुंडाळलेले एक लहान वजन काढले. औषधाचे प्रमाण वजन. क्वचितच बाहेर निघत असावे, कारण कापडाची घडी कडक झाली होती. एका पारड्यात ते, दुसऱ्यात मी.

काटा मधोमध उभा राहिला. हललासुद्धा नाही.

"पुरा आहे," निरीक्षक म्हणाले. "हा औषधाचा पौंड आहे, बाई. खोटं मी बोललो."

आत्याने तोंडाला पदर लावला. ताईचे मात्र लक्ष आमच्याकडे नव्हतेच. ती वही उघडून 'दोन पौंड' या शब्दांवर बोट ठेवून उभी होती. मग ती तेलाच्या डब्याकडे गेली, त्यावरचा छापील आकडा तिने वाचला, आणि परत येऊन तिने मला दोन्ही हातांनी उचलले. तिची बोटे फुटलेली होती, तरी तिने मला घट्ट धरले होते. "डबा बाजाराचा आणि कॉस्टिक बाबांचं," ती हळूच म्हणाली. मला रडता येत असते तर त्या दिवशी मी हिरवा पडलो असतो.

निरीक्षक जाताना गल्लीतल्या सातही दुकानांत थांबले आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःची चूक सांगत गेले. मला वाटते, शिक्का मारण्यापेक्षा ते काम अवघड असावे.

त्याच दुपारी घाणा पडला. आत्या दारात उभी राहिली. "एक झालं. दोन झालं." सहा आठवडे अकरा वड्या कशा पुरवल्या, ते आत्यालाच ठाऊक. शेवटी शेवटी तिचे तुकडे नखाएवढे झाले होते. सहा आठवडे भरले त्या सकाळी ताईने नव्या वडीने डावा हात धुतला, पुसला आणि उन्हात धरून बघत राहिली. मग उजवाही धुतला. दुपारी चाळीस वड्या पाळणाघरात पोचल्या. वर एक जास्त.

आता तर विजेचा काटा आला आहे. सगळे ग्रॅममध्ये. ताईने वहीत 'दोन पौंड'पुढे 'बाबांचे' असे लिहिले आणि त्याखाली ग्रॅमही लिहून ठेवले. म्हणजे माझे काम तसे संपले. तरी प्रत्येक घाण्याआधी ती मला विजेच्या काट्यावर ठेवते, तीनशे त्र्याहत्तर आकडा उमटतो, आत्या मान डोलावते आणि मगच काम सुरू होते. आत्याला काट्याची परीक्षा घ्यायची असते की मला मान द्यायचा असतो, ते मी विचारत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढेच म्हणेन की सांभाळताना त्यांना कधीतरी उलटे करून, तळ पुसून बघा. आणि वहीत लिहाल तेव्हा पुरते लिहा. आपल्याला जे सांगायची गरज वाटत नाही, तेच मागे राहणाऱ्यांना हवे असते.

महिन्यातून एकदा पाळणाघरातली मोठी मुले साबण बघायला येतात. तेव्हा ताई जुना तराजू काढते. एका पारड्यात मला बसवते. दुसऱ्यात ठेवते पिसांची फुगलेली पिशवी, बाजाराच्या पौंडाने तोललेली. "सोन्याचा पौंडही याच्याएवढाच," ती माझ्याकडे बोट दाखवून सांगते. "मग सोनं जड की पिसं?" मुले एका सुरात ओरडतात, सारखेच. ताई धरून ठेवलेली पारडी सोडते. पिशवी धपकन खाली बसते आणि मी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वर जातो. याच उंचीवर मी एकदा खोटा ठरलो होतो. आता इथून खाली बघतो, तर आत्या दारात उभी असते आणि मुलांना सांगत असते, "माझा दादा हेच म्हणायचा."