सोळा बाळुत्यांचं पागोटं

शके अठराशे चार, पौष शुद्ध पंचमी. थंडीचे दिवस. कोलशेतच्या खाडीकाठी मिठागराचे बांध लिंपून झाले होते आणि भरतीचं पाणी आत घेतलं होतं. त्या दिवशी सकाळपर्यंत मी पागोटं होतो. दुपारी बाळुतं झालो.

माझी ओळख सांगतो. लांबी पंचवीस हात. रंग पांढरा. ठाण्याच्या बाजारातून आलो आणि अठरा वर्षं एकाच डोक्यावर बसलो. डोकं काळुरामचं. काळुराम मिठागरावरचा जाणता माणूस. चिमूटभर मीठ तळव्यावर घ्यायचा, उन्हात धरायचा आणि प्रत सांगायचा. काळपट असलं तर चिखल. पिवळसर असलं तर कच्चं. पांढरं शुभ्र असलं तर खरं. त्याचा शब्द कुणी मोडत नसे. मी वर बसलेला असायचो, त्यामुळे निम्मा मान माझा, असं मी धरून चालायचो.

लग्नात मी पुढे असे. पंचांत मी मध्ये असे. कुणापुढे वाकायची मला सवय नव्हती.

पौष पंचमीला काळुरामची सून तुळसा बाळंत झाली. मुलगा झाला. त्या घरात रीत अशी, की नव्या बाळाला नवं कापड लावायचं नाही. घरातल्या सगळ्यांत जुन्या माणसाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड लावायचं. म्हणजे त्याचं आयुष्य बाळाला लाभतं. काळुरामची बायको सखुबाई खुंटीपाशी आली. मला वाटलं, साखर वाटायला न्यायला आली. तिने मला दाताने धरलं आणि टरकन फाडलं.

सोळा तुकडे झाले. मी आजही सोळा ठिकाणी दुखतो, पण ती गोष्ट वेगळी.

संध्याकाळच्या आत पहिला प्रसंग आला. कसा सांगू? मी पंचांत बसलेला. तरी सांगतो. काळी शी. काळी म्हणजे होडीच्या बुडाला लावतात त्या डांबरासारखी. चिकट, हिरवट झाक, वास मात्र अजिबात नाही. सखुबाईने मला दगडावर आपटलं, चोळलं, राखेने घासलं. निघेना.

काळुरामने मला उन्हात धरलं. मीठ धरायचा तसंच.

"काली हाय," तो म्हणाला. "पोटात चिखल हाय पोराच्या. भिवा, सळई तापव."

भिवा म्हणजे त्याचा मुलगा, बाळाचा बाप. तो जागचा हलला नाही. पोटात काही बिघडलं की बाळाच्या पोटावर तापल्या सळईचा डाग द्यायचा, ही काळुरामच्या बापाची विद्या. तुळसाने बाळ पदराखाली घेतलं आणि भिंतीला पाठ लावून बसली.

सुईण हौसाबाई घरी निघायला दारात हात धूत होती. भिवालाही तिनेच जगात आणलं होतं.

"दादा, तू मीठ बघ," ती म्हणाली. "पोर मला बघू दे. नऊ महिने आत बसलेला, त्याचा साठलेला माल हाय तो. पहिल्या दिवशी काली आली नसती तर मी घाबरले असते."

"माझ्या बापसाने मला तीन डाग दिले. मेलो का मी?"

"मेला नाय. पन सुधारला पन नाय."

बाळंतिणीच्या खोलीत आतापर्यंत कुणी हसलं नव्हतं. सखुबाई हसली. काळुरामचं डोकं तापलं. मी वर असतो तर मला चटका बसला असता.

"बरं हौसे," तो म्हणाला. "डाग न देता पोर सुधरलं, तर माझं पागोटं तुझ्या पायावर ठेवीन. नाय सुधरलं, तर सळई माझी आन हात माझा."

मला कुणी विचारलं नाही. मी तेव्हा दगडावर वाळत होतो.

दुसऱ्या दिवशी मी काळाच. तिसऱ्या दिवशी शेवाळासारखा हिरवा. शेजारणी दूध घेऊन यायच्या आणि बाळाच्या आधी मला बघायच्या. "आज काय रंग गो?" असं पाणवठ्यावर विचारलं जाऊ लागलं. अठरा वर्षं पंचांत बसून माझं एवढं नाव झालं नव्हतं.

पाचव्या दिवशी सटवाईची पूजा मांडली. पाट, सुपारी, पिठाचा दिवा. सगळे हात जोडून बसले आणि बाळाने प्रसाद दिला. पिवळा. हळदीसारखा, पातळ, आत मोहरीएवढे दाणे. हौसाबाईने मला उचलून देवीच्या पाटाशेजारी धरलं.

"ही बघा! अशी पायजे. आयसचं दूध लागलं याला."

तुळसा पहिल्यांदा भिंतीपासून पुढे सरकली. सगळ्यांनी काळुरामकडे पाहिलं. त्याच्या डोक्यावर आता कोरं पागोटं होतं. ताठ, खळीचं, गर्विष्ठ. मला ते आवडलं नव्हतं. त्याने माझ्यावरचा एक दाणा निरखला.

"पिवली म्हंजे कच्ची," तो म्हणाला. "काल्याची हिरवी झाली, हिरव्याची पिवली झाली. आता पांढरी झाली की मी मानीन."

हौसाबाईने कपाळावर हात मारला. "अरे देवा! दादा, हे मिठागर नाय! पोराची शी पांढरी झाली, मातीसारखी फिक्की, तर त्याच्याइतकं वाईट काय नाय. तवा मला हाक मारू नको, उचलून ठाण्याच्या दवाखान्यात पलव. रगत दिसलं तरी पलव. पोट फुगून हिरवं ओकलं तरी पलव. पिवली, हिरवट, तपकिरी, दाण्याची, पातल, सगली बरी."

"बघू," काळुराम म्हणाला. त्याच्या कोशात 'हरलो' हा शब्द नव्हता.

पुढचे दिवस मोजत बसलो नाही. मोजणं सखुबाईकडे होतं. दिवसाला दहा, कधी बारा. पाजलं की आलीच. सोळा तुकडे पुरेनात. काळुराम दारातून विचारी, "पांढरी झाली का?" आतून सासूसुना एका सुरात म्हणत, "नाय झाली, देवाची कृपा!" बाराव्या दिवशी नाव ठेवलं धोंडीबा. बाळ दगडासारखं घट्ट झालं होतं, म्हणून.

मग दीड महिन्याने सगळं थांबलं.

एक दिवस मी कोरडा. दुसऱ्या दिवशी कोरडा. म्हणजे ओला होतो, पण नुसत्या पाण्याने. तिसरा दिवस. चौथा. दोरीवर सोळाच्या सोळा तुकडे स्वच्छ फडकत होते. मला पागोटं झाल्यासारखं वाटू लागलं. घरात मात्र कुणाला घास जाईना.

पाचव्या दिवशी सकाळी काळुरामने अंगणातली चूल पेटवली आणि सळई आत सारली.

"कोंडी तुंबली," तो म्हणाला. "आता बांध फोडायलाच पायजे."

"मामंजी, नको," तुळसा म्हणाली. एवढंच म्हणाली. बाळाला घेऊन ती दारात उभी राहिली. पळायची तयारी दिसत होती. भिवा धावत हौसाबाईला घेऊन आला.

हौसाबाईने सळईकडे पाहिलंही नाही. बाळाचं पोट दाबलं. "मऊ हाय. पितो का?"

"सारखा पितो."

"मुततो?"

"आताच मला भिजवलंन."

"हसतो?"

धोंडीबा तेवढ्यात आजोबांकडे बघून हसला.

"मग कसला तुंबलाय? आयसचं दूध सगलं अंगी लागतंय याच्या. दीड महिन्याच्या पोराने चार-सा दिवस शी नाय केली तरी चालतं. पोट मऊ, पोर खुशीत, तर वाट बघायची."

"माझा विश्वास नाय," काळुराम म्हणाला. "मी बघतो." आणि त्याने बाळ सुनेच्या हातून घेतलं. प्रत बघायची तर उजेड हवा. त्याने धोंडीबाला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं, उन्हात, आणि पोटाकडे डोळे बारीक करून बघू लागला.

मी दोरीवरून सगळं पाहिलं. बाळाचा चेहरा लाल झाला. भुवया आवळल्या. मग बांध फुटला.

पाच दिवसांचं होतं. कोऱ्या पागोट्याच्या घडीघडीत गेलं, कपाळावरून उतरलं, मिशीवर थांबलं. पिवळं. दाण्याचं. धोंडीबा खदखदला. कुणी हसलं नाही. मग सखुबाई हसली, आणि मग कुणाला आवरेना. तुळसा रडता रडता हसत होती.

काळुराम तसाच उभा होता. त्याने बोट मिशीवर फिरवलं आणि उन्हात धरलं. बराच वेळ पाहिलं.

"हौसे, हीच खरी?"

"हीच, दादा."

त्याने बाळ सुनेच्या हातात दिलं. घागर उचलली आणि चुलीवर ओतली. सळई चरचरली आणि काळी पडली.

सोळांपैकी आज मी एकच तुकडा उरलोय. विरलोय, पण बोलतो ते ऐका. घरात बाळ आलं की मला लाजू नका. उघडा आणि बघा. पहिल्या दिवसांतल्या काळ्याने घाबरू नका, पिवळ्याने आनंद माना, पांढरं किंवा लाल दिसलं तर धावा. आणि सळई चुलीबाहेरच ठेवा.

आता शेवटचं. काळुराम विहिरीवर गेला, अंग धुऊन आला. नवं पागोटं भिजत पडलं होतं. डोकं उघडं. अठरा वर्षांत त्याला तसं गावाने पाहिलं नव्हतं. हौसाबाई पायरीवर बसली होती. "राहू दे रे दादा," ती म्हणाली. तो थांबला नाही. दोरीपाशी आला, मला काढलं, झटकलं, नीट घडी घातली. मग तो वाकला आणि मला तिच्या पायावर ठेवलं.